दुसऱ्या गोळीसाठी

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

खर्डा, ता. जामखेड
२१ जानेवारी २०२५

चि. पार्थ,

नानाचा आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. तूही बरा असशील असं धरून लिहायला बसलोय.

टेबलावर मांडलेल्या रायफलच्या सुट्या भागांचा तुझा फोटो मिळाला. खाली तू विचारलंस, "नाना, गॅस ब्लॉक कोणता घेऊ, ट्यूब किती लांबीची घेऊ?" खरं सांगू का, मला फार बरं वाटलं. वर्षभरात तू मला काही विचारलंच नव्हतंस. फोनवर "बरंय नाना" म्हणतोस आणि संपतं. म्हणून हे कागदावर लिहितोय. मोबाईलवर टाईप करायला गेलो की माझ्या बोटाखाली एकदम तीन अक्षरं येतात. माझी लेक सृष्टी पानांचे फोटो काढून तुला पाठवेल.

फोटो मोठा करून बघितला. तिकडे परदेशात रायफलचे भाग म्हणे कुरिअरने दारात येतात! इथे मला पिठाच्या गिरणीचा पट्टा नगरहून यायला आठवडा लागतो. आणि आपल्या गावच्या आबासाहेबांची बाराबोर बंदूक निवडणुकीला ठाण्यात जमा केलेली, ती परत आली तेव्हा नळीत कोळ्याचं जाळं होतं. म्हणाले, "अजिनाथ, तू फौजेत बंदुका दुरुस्त करायचास, एवढं बघ की." मी म्हटलं, "आबासाहेब, आधी कोळ्याला नोटीस द्या."

तर गॅसचं. मी फौजेत वीस वर्षं हेच केलं, पण पदवीच्या भाषेत मला सांगता येणार नाही. गोळी उडाली की तिच्यामागे दारूचा गरम वायू नळीतून धावतो. नळीला वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्यातून थोडासा वायू ब्लॉकमध्ये चढतो, ट्यूबमधून मागे येतो आणि बोल्टला, म्हणजे गोळी आत सारणाऱ्या खिट्टीला, ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवी गोळी आत बसते. झालं. मी हे सृष्टीला समजावत होतो तर तुझी आई गहू निवडता निवडता म्हणाली, "म्हंजी कुकरच की. वाफ जास्त झाली तर झाकन उडंल, कमी झाली तर डाळ कच्ची." वीस वर्षांत कुठल्या साहेबाने इतकं सोपं सांगितलं नव्हतं.

पहिल्या गोळीला गॅसची गरज नसते. ती तू हाताने चढवलेली असते. गॅसचं सगळं काम दुसऱ्या गोळीसाठी. म्हणून घाई करू नकोस. ट्यूब आखूड असली की वायू तापलेला, जोरात येतो आणि रायफल धक्के देते, भाग लवकर झिजतात. लांब असली की सावकाश, मऊ चालते. ब्लॉक मात्र साधाच घे, फिरवायचा स्क्रू नसलेला. नव्या माणसाच्या हाताला फिरवायला काही दिलं की तो फिरवतच बसतो.

नळी किती लांब आहे ते कळव. आणि कशासाठी बांधतोयस तेही. त्याशिवाय मला सांगता येणार नाही.

वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईने, संक्रांतीचं पार्सल पाठवलंय, उशिरा पोचेल. तिळगूळ, शेंगदाण्याची चटणी, आणि सूनबाईसाठी, मोनिकासाठी, वाणाची साडी, हिरव्या बांगड्या. बांगड्या फुटू नयेत म्हणून कापसात गुंडाळल्यात. पार्सल मीच शिवलं.

जेवत जा.

तुझा नाना

---

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

खर्डा
१८ फेब्रुवारी

चि. पार्थ,

आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. नळी सोळा इंची, आणि "रेंजवर जायला". एवढंच. बरं. रेंजवर जायला म्हणजे सावलीत उभं राहून कागदावर नेम धरायला. मग मधल्या लांबीची ट्यूब घे. आखूड नको.

मागच्या पत्रात ब्लॉक साधा घे म्हणालो होतो. ते मागे घेतो. गिरणीत ज्वारी दळताना विचार केला. आपल्या गिरणीलासुद्धा पाट्यांमधलं अंतर कमीजास्त करायला चाक आहे, आणि प्रत्येक धान्याला मी ते फिरवतोच की. तू कुठली गोळी वापरशील, हिवाळ्यात की उन्हाळ्यात, मला इथून दिसत नाही. तेव्हा स्क्रूवालाच घे. पण असं कर, दोन-तीन ब्लॉकचे फोटो पाठव. मी बघतो, मग ठरवू. मी सांगेपर्यंत काही मागवू नकोस. मला वेळच वेळ आहे, आणि मला हे आवडतंय.

पार्सल मिळालं का, ते तू लिहिलं नाहीस. वहिनी विचारत होत्या, "साडीचा रंग आवडला का म्हनं मोनिकाला?" मी म्हटलं, आवडला असेल. त्या म्हणाल्या, "व्हय, आवडला आसंल," आणि शेगडीवरचं दूध उतरवायला आत गेल्या. शेगडीवर दूध नव्हतं. मला वाटलं, बहुतेक चहा असेल.

फक्रुद्दीनभाई परवा बाजारच्या दिवशी गिरणीत येऊन बसले होते. त्यांचा अमजद दिवाळीत तुझ्याकडे येऊन गेला म्हणे. त्याचं नि त्याच्या बायकोचं, रुमानाचं, बरं चाललंय. शाळेत तुम्ही दोघं किल्ल्याच्या तटावर चढायचात आणि उतरताना रडायचात, ते भाई अजून सांगतात. दिवाळीनंतरही अमजद एकदा तुझ्याकडे आला होता, पण तू घरी नसावास, असं म्हणाले. मी अजून काही विचारलं नाही.

मुलाने आपण होऊन सांगेपर्यंत थांबावं असं मला वाटतं. आपल्या घरात तशीच रीत आहे. तुझे वडील गेले त्यानंतर तू दोन महिने शाळेचं दप्तर भरून गिरणीच्या मागे बसायचास, आठवतं? मला कळलं होतं. मी काही बोललो नाही. एक दिवस तूच म्हणालास, "नाना, उद्यापासून शाळेत जातो." तेव्हा मला वाटलं होतं, न बोलून मी बरोबर केलं.

अमावस्येला मढीला कानिफनाथांना जाऊन आलो. तुझ्या नावाने रेवडी वाहिली. पायऱ्या चढताना आता दम लागतो, पण वर गेलं की वारा फार चांगला असतो.

ब्लॉकचे फोटो पाठव. विसरू नकोस.

तुझा नाना

---

खर्डा
१२ मार्च, सकाळ

पार्था,

वर देवाचं नाव लिहायचं राहिलं. मनात घेतलंय.

हे पान सृष्टीने नाही, मीच फोटो काढून पाठवतोय, वाकडं आलं तर समजून घे. एकेक पान लिहून होईल तसं पाठवणार आहे. वाचलंस की इथे निळ्या खुणा उमटतात, एवढं मला कळतं.

गिरणी उघडत होतो तेव्हा तुझा मेसेज दिसला. "बाकी सगळं बसवलं. गॅसचं राहू द्या नाना. एकदा उडाली तरी पुरे."

मी फोन केला. तू उचलला नाहीस. परत केला. मग तुझ्या आईकडे गेलो नाही, आधी फक्रुद्दीनभाईंच्या घरी गेलो आणि अमजदला फोन लावायला सांगितलं. त्याला म्हटलं, "बाबा, विचारत बसू नकोस, गाडी काढ." तो निघालाय. त्याच्या तिथल्या घरापासून तुझ्या गावाला तासाभराचा रस्ता आहे म्हणे. रुमानाने तुला एक नंबर पाठवलाय, अशा वेळी तिथे कुणीतरी बोलायला असतं म्हणाली. मला इंग्रजी येत नाही, नाहीतर मीच केला असता. तू कर. नाही करावासा वाटला तर हे वाचत राहा, तेवढं तरी कर.

---

निळ्या खुणा आल्या. बरं झालं. दुसरं पान लिहितो.

माझ्या हातून वीस वर्षं रायफली गेल्या. कुणी म्हणालं, "उस्ताद, झटका देते." कुणी म्हणालं, "पुंगळी अडकते." पण गॅसचं राहू द्या, एकदा उडाली तरी पुरे, असं म्हणणारा माणूस रेंजवर जायचा नसतो. पार्था, रेंजवर जाणाऱ्याला दुसरी गोळी लागते, तिसरी लागते. तो दिवसभर बसतो, घरून डबा नेतो. एका गोळीचं काम काय असतं, ते मी विचारणार नाही. मला कळलंय. आणि मला कळलंय हे तुला आता माहीत आहे. एवढं झालं की थोडं हलकं वाटायला पाहिजे. मला तरी वाटतंय.

तुझी चूक नाही. आधी हे लिहायला पाहिजे होतं, मागून लिहिलं.

आता दुसरं. मोनिका घर सोडून गेली, हे मला दिवाळीपासून माहीत आहे. तुझी नोकरी गेली तेही. अमजदने भाईंना सांगितलं, भाईंनी मला, आणि म्हणाले, "कुणाला बोलू नका, पोराची अब्रू आहे." मी नाही बोललो. वहिनींना कळू नये म्हणून तर फारच जपलं.

आज फोनवर तू येईनास, तेव्हा शेवटी त्यांच्याकडे गेलोच. चुलीपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, पार्थचं एक सांगायचंय." त्या म्हणाल्या, "मोनिकाचं न्हवं? मला ठाव हाय. जाताना तिनंच फोन केलता. लई रडली बिचारी."

मी म्हटलं, "मग ती साडी? बांगड्या?"

"न्हाई पाठवल्या असत्या तर त्याला कळलं असतं की मला कळलंय."

पार्था, बघ आमचं शहाणपण. तुझी लाज राखायची म्हणून मी तुझ्या आईपासून लपवलं, तिने माझ्यापासून लपवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून एका रिकाम्या घरात हिरव्या बांगड्या पाठवल्या. कापसात गुंडाळून. ते पार्सल तू एकट्याने उघडलं असशील. तेव्हा तुला काय झालं असेल, याचा विचार मी पार्सल शिवताना केला नाही. टाका उसवू नये एवढाच विचार केला.

न बोलण्याची आपल्या घरात रीत आहे, असं मी तुला अभिमानाने लिहिलं होतं. गिरणीच्या मागे बसलेल्या पोराला मी रोज बघत होतो, म्हणून तिथे ती रीत चालली. तुला इथून मी बघू शकत नाही.

---

ह्या पानाला निळं यायला वेळ लागला. मी लिहिणं थांबवून नुसता बघत होतो. आलं.

तुला फौजेतलं एक सांगतो. घरात कधी कुणाला सांगितलं नाही, कारण घरात सांगण्यासारखं नव्हतं.

शस्त्रं ठेवायच्या खोलीला फौजेत कोत म्हणतात. माझ्या उस्तादाने मला पहिल्या महिन्यातच शिकवलं, की कोतवाल्याने रायफल बघायच्या आधी माणूस बघायचा. एखाद्या जवानाला घरून वाईट बातमी आली की आम्ही एक करायचो. कुठल्या नियमात ते नव्हतं. त्याची रायफल खणात त्याच्या नंबरावर तशीच उभी असायची, पट्टा नीट, तेल लावलेली. फक्त बोल्ट काढून माझ्या पेटीत ठेवायचा. बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसती काठी. त्याला कुणी काही म्हणायचं नाही, चिडवायचं नाही, वरच्या साहेबांनी विचारलं तर मी म्हणायचो, "झिजलाय, बघतोय." तेवढ्या दिवसांत त्याला ड्यूटी मिळायची लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या रसोड्यात, कांदे चिरायला. आणि आमच्यापैकी कुणीतरी रोज त्याच्या शेजारी बसून कांदे चिरायचं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येतंय, मग कुणाचं कशामुळे, हे बघायला कुणाला सवड?

साताऱ्याकडचा एक पोरगा होता. त्याचं तान्हं बाळ गेलं होतं. त्याचा बोल्ट माझ्या पेटीत बराच काळ होता. एके दिवशी कोतच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "उस्ताद, माझी वस्तू द्या की." मी म्हटलं, "कालच्या मटणात मीठ कसं होतं?" म्हणाला, "खारट होतं, रांडेच्यानं समुद्र ओतला हुता." तेव्हा दिला. चव कळायला लागली की द्यायचा, असा माझ्या उस्तादाचा हिशेब होता.

त्या पोराला आता दोन मुली आहेत. दिवाळीला फोन करतो आणि दर वेळी खारट मटणाची आठवण काढतो.

पार्था, तुला कुणी भित्रा म्हणत नाहीये. तुझी रायफल तुझीच. मी ती टाकून दे म्हणत नाही, माझा तो अधिकारही नाही. ती तुझ्या खणात राहू दे. फक्त बोल्ट अमजदकडे दे. तो म्हणजे माझी पेटी. त्याने बोल्ट घेतला की तुला एकही प्रश्न विचारायचा नाही, असं मी त्याला बजावलंय. तो म्हणाला, "नाना, मी प्रश्न विचारायला न्हाई, त्याला घरी आनायला चाललोय. रुमानानं खिचडा टाकलाय." कांदे चिरायला लागतील बहुधा. चीर.

---

निळं आलं.

वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्यात. त्यांना वाचता येत नाही, मी काय लिहिलं ते वाचून दाखवलं. सगळं नाही, पण बरंचसं. त्या म्हणतात, "त्याला लिही, साडी मोनिकालाच पाठवून दे. तिनं काय वाईट केलंय माजं?" मग म्हणाल्या, "आन लिही, मला फोन करताना हसून बोलायचं न्हाई. लई थकायला व्हतं त्याचं हसनं ऐकून."

तिकिटाचं, परत यायचं, नोकरीचं, ते मी आज काही बोलणार नाही. गिरणीच्या मागची जागा अजून तशीच आहे, एवढं सांगून ठेवतो. तिथे आता पेरूचं झाड आलंय. यायचं तर ये, बसायचं तर बस. ह्या वेळी मी शेजारी येऊन बसेन.

आणि गॅसचं. ते राहू द्यायचं नाही. दोन-तीन ब्लॉकचे फोटो पाठव म्हटलं होतं, ते अजून आले नाहीत. आज नको. अमजदच्या घरी जेवून, झोपून, चव कळायला लागली की पाठव. मी चष्मा लावून बघेन आणि तुझ्याशी वाद घालेन. मला अजून वाटतं, ट्यूब मधल्या लांबीचीच पाहिजे. तुझं वेगळं मत असलं तर सांग. मला तुझं मत ऐकायचं आहे, पार्था. पहिल्या दिवशी तू मला विचारलंस ना, तेव्हा मी

---

वाक्य अर्धं राहिलं. मोबाईल वाजला.

तू लिहिलंयस, "नाना दार वाजतंय."

एवढंच लिहिलंस, पण लिहिलंस. वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी माझा हात असा धरलाय की पेन हलतंय.

दिवाळीनंतर तो आला होता तेव्हा तू घरातच होतास, हेही आम्हाला माहीत आहे. त्याचं काही नाही. त्याने ते मनात ठेवलेलं नाही, म्हणून तर परत आलाय.

मी लिहिणं थांबवतो. तू ऊठ. दिवा लाव. उघड.

तुझ्या दाराच्या अलीकडेच बसलेला,
नाना